इंटरनेट : खेड्याचे आणि शहराचे

सातबाऱ्याचा उतारा, उभ्या पिकाची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज, निवृत्तिवेतनाची चौकशी अशी जी कामे पूर्वी तहसील कचेरीत खेटे घालून करावी लागत, ती आता इंटरनेटच्या द्वारे होऊ लागली आहेत. आणि म्हणूनच ज्याच्यापाशी हे साधन नाही, त्याला आपल्या हक्काच्या कामासाठीही दुसऱ्याच्या मर्जीवर विसंबावे लागते. या विषमतेविषयी सुशिक्षित वर्गात जे समज रूढ झाले आहेत, ते वस्तुस्थितीच्या कसोटीवर तपासून पाहणे त्यामुळे अगत्याचे झाले आहे.

गैरसमज १ : जवळजवळ प्रत्येक खेड्यात इंटरनेट पोहोचले आहे.

केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, एप्रिल २०२४ मध्ये देशातील ६,४४,१३१ खेड्यांपैकी ६,१२,९५२ खेड्यांत, म्हणजे शेकडा ९५.१५ खेड्यांत, थ्री-जी किंवा फोर-जी मोबाइल सेवा उपलब्ध होती. हा आकडा मोठा आहे आणि त्यामागील श्रमही थोडे नाहीत. परंतु तो खेड्यांचा आहे, घरांचा नव्हे. महसुली दफ्तरात जे एक गाव म्हणून नोंदलेले असते, ते सह्याद्रीच्या खोऱ्यांत किंवा सातपुड्याच्या रांगांत प्रत्यक्षात अनेक वाड्यापाड्यांत विखुरलेले असते. आणि मोबाइलच्या लहरी डोंगराने अडत असल्यामुळे, गावठाणात रेंज असूनही पलीकडच्या उतारावरील पाडा तिच्यापासून वंचित राहू शकतो. ज्या ३१ हजारांहून अधिक खेड्यांत ही सेवा तेव्हा मुळीच नव्हती, त्यांचा प्रश्न निराळाच.

गैरसमज २ : ग्रामपंचायतीपर्यंत तार आली, म्हणजे गाव जोडले गेले.

सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूच्या, म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या, जाळ्याने जोडण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २०११ मध्ये मंजूर केली व पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. त्यातील दोन लाखांहून अधिक पंचायतींपर्यंत हे जाळे नेण्यात आले; पण धरणाचा कालवा गावच्या शिवारापर्यंत यावा आणि पोटचाऱ्या मात्र खोदल्याच जाऊ नयेत, तशी गत पुष्कळ ठिकाणी झाली. पंचायतीच्या कार्यालयात बसविलेल्या यंत्रापासून शाळेपर्यंत, आरोग्य उपकेंद्रापर्यंत आणि घरापर्यंतची जोडणी, तिची देखभाल आणि यंत्राला लागणारी अखंड वीज यांची तजवीज झाल्याशिवाय ती तार लोकांच्या उपयोगी पडत नाही. मूळ आराखड्यात तार एकाच मार्गाने जात असल्यामुळे, रस्तारुंदीकरणात ती कोठेही तुटली की पुढील सारी गावे बंद पडत. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित योजनेस मंजुरी देताना वर्तुळाकार जोडणीची व देखभालीची तरतूद करावी लागली, ती या अनुभवामुळेच.

गैरसमज ३ : आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल असल्यामुळे दरी उरलेली नाही.

मार्च २०२४ मध्ये देशातील इंटरनेट जोडण्यांची संख्या ९५.४४ कोटी होती आणि त्यांपैकी ३९.८३ कोटी ग्रामीण भागात होत्या. म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार ज्या भागात शेकडा ६९ लोक राहतात, त्याच्या वाट्याला तेव्हा जोडण्यांपैकी शेकडा ४२ सुद्धा येत नव्हत्या. त्यातही जोडणी म्हणजे माणूस नव्हे, कारण एकाच व्यक्तीपाशी दोन सिमकार्डे असू शकतात. घरातील एकमेव फोन बहुधा कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो, याचे प्रत्यंतर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मिळते : १५ ते ४९ या वयोगटात इंटरनेट कधीतरी वापरलेल्यांचे प्रमाण शहरी पुरुषांत शेकडा ७२.५, ग्रामीण पुरुषांत ४८.७, शहरी स्त्रियांत ५१.८ आणि ग्रामीण स्त्रियांत केवळ २४.६ होते. दरी केवळ गाव आणि शहर यांच्यातच नाही. ती एकाच घरातही आहे.

गैरसमज ४ : खेडुताला इंटरनेट हवे ते करमणुकीपुरते.

ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झालेल्या 'ई-पीक पाहणी'त शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करावी, अशी अपेक्षा आहे. जी गोष्ट शासनच कर्तव्य म्हणून सांगते, तिला चैन कसे म्हणावे? विद्यार्थ्यांची हकीकत याहून गंभीर आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरांत शेकडा ४२ आणि खेड्यांत १४.९ आढळली, तर संगणक असलेली कुटुंबे अनुक्रमे २३.४ आणि ४.४. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, शाळा पडद्यावर गेली तेव्हा कोणाचे शिक्षण थांबणार हे या आकड्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

गैरसमज ५ : बाजारपेठ ही दरी आपोआप भरून काढील.

विरळ वस्तीच्या डोंगराळ मुलखात मनोरा उभारण्याचा खर्च मोठा आणि त्यातून मिळणारे उत्पन्न अल्प, त्यामुळे केवळ नफ्याच्या हिशेबाने तेथे कोणी जात नाही, हे शासनाने फार पूर्वीच ओळखले होते. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित ढोबळ महसुलातील शेकडा ५ हिस्सा अशा भागांसाठी राखून ठेवणारा सार्वत्रिक सेवा निधी २००२ मध्येच निर्माण झाला व २००३ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचेच 'डिजिटल भारत निधी' असे नामकरण केले. द्रव्याचा मार्ग आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या लोकमताची.

सारांश, रेंज, तार, उपकरण, परवडणारा दर आणि वापराचे ज्ञान या पाचही गोष्टी एकत्र आल्याखेरीज इंटरनेट कोणापर्यंत पोहोचले असे म्हणता येणार नाही. म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती अशी, की आपल्या ग्रामसभेत पंचायतीची जोडणी आज चालू आहे काय, शाळेला ती मिळते काय आणि गावातील स्त्रियांना ती वापरता येते काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत, आणि त्यांची उत्तरे लेखी मागावीत.