टॉर्टिया का तुटते? मका, चुना आणि शाळेचा डबा

आजचा भाग डब्याचा.

मी सध्या टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियोला ताईकडे राहते. ताई आणि जिजू सकाळी लवकर निघतात, त्यामुळे भाच्याचा शाळेचा डबा माझ्याकडे. त्याच्या वर्गातली बरीच मुलं टॉर्टिया आणतात, म्हणून त्यालाही हवी होती. मला वाटलं, त्यात काय, मक्याची भाकरीच तर! इंडियन दुकानातून मक्याचं पीठ आणलं, गरम पाण्यात मळलं, पातळ थापलं, भाजलं आणि राजमा भरून दिला. संध्याकाळी डबा परत. आत नुसता चुरा. "मावशी, हातातच तुटलं सगळं," एवढंच म्हणाला. पोरगं दिवसभर उपाशी! मला फार लागलं ते.

शेजारी मूळच्या मेक्सिकोच्या एक आजी राहतात. त्यांना पिठाची पिशवी दाखवली. त्या म्हणाल्या, "हा नुसता दळलेला मका. याला चुना कुठे लागलाय?"

हो, चुनाच! आपण पानाला लावतो तोच. मेक्सिकोत सुका मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग वाटतात. साधारण १ किलो मक्याला १० ग्रॅम खायचा चुना. या प्रक्रियेला म्हणतात निश्तमाल करणं. शब्द तिथल्या नाहुआत्ल भाषेतून आलाय.

यानं होतं काय? मक्यात गव्हासारखं ग्लूटेन नसतं, म्हणून नुसतं पीठ धरून राहत नाही. चुन्यानं दाण्याचं साल सुटतं, त्यातला चिकटपणा मोकळा होतो आणि पीठ लवचिक बनतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मक्यातलं नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, असं बांधलेलं असतं की आपल्या शरीराला ते फारसं मिळत नाही. चुना ते मोकळं करतो.

मका जगभर गेला, पण ही पद्धत त्याच्यासोबत गेली नाही. मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना युरोपात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा झाला. कातडी सोलवटते, जुलाब होतात, डोक्यावर परिणाम होतो, माणसं मरतात. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी शोध घेऊन दाखवलं की हा संसर्ग नाही, जेवणातली उणीव आहे. ती उणीव नायसिनची, हे १९३७ नंतर स्पष्ट झालं. मेक्सिकोतल्या बायका मात्र हजारो वर्षं चुना घालतच होत्या.

आता कृती. रोज मका उकळायला वेळ कुणाला आहे? चुन्याची प्रक्रिया करून वाळवलेलं पीठ मिळतं, त्याला 'मासा आरिना' म्हणतात. पाकिटावर हरिना दिसेल, पण 'ह' बोलत नाहीत. आणि मासा म्हणजे आपली मासळी नव्हे हं, मळलेलं पीठ!

२ कप पीठ, चिमूटभर मीठ, साधारण दीड कप कोमट पाणी. मळून २० मिनिटं झाकून ठेवा. गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावा. लिंबाएवढे गोळे करा, प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून पुरीच्या प्रेसनं किंवा सपाट ताटलीनं दाबा. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू अर्धा मिनिट, दुसरी एक मिनिट, मग परत उलटा. फुगली की काढा. आणि लगेच कापडात गुंडाळा! वाफेनंच ती मऊ होते. ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती.

डब्यासाठी टॉर्टिया आणि सारण वेगळं द्या, नाहीतर ओलसर होऊन फाटते. सारण कोरडं हवं: परतलेला राजमा, मटकीची उसळ किंवा पनीर. मक्यात लायसिन कमी, कडधान्यात भरपूर, म्हणून ही जोडी पक्की. सोबत काकडी, एखादं फळ.

परवा डबा रिकामा आला. काकडी तेवढी उरली होती. तिचं काय करायचं ते सुचलं तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात!