बोदोनीची बारीक रेघ

‘व्होग’ किंवा ‘हार्पर्स बझार’ या मासिकांच्या मुखपृष्ठावरचे नाव नीट न्याहाळले, तर अक्षरातला उभा दांडा भरघोस जाड आणि त्याला जोडणारी रेघ मात्र अगदी नाजूक दिसते. रोमन अक्षराच्या टोकांशी ज्या छोट्या आडव्या रेघा असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. इथे त्याही तितक्याच नाजूक असतात. जाड आणि बारीक यांच्यातला असा टोकाचा फरक मिरवणारी ही अक्षरे इटलीतल्या पार्म्याचा मुद्रक जाम्बात्तिस्ता बोदोनी आणि पॅरिसमधले दिदो घराणे यांच्या नावांनी ओळखली जातात. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ ती देखणेपणाची खूण मानली गेली आहेत, आणि ती पाहायला सुंदर पण वाचायला त्रासदायक असतात, अशी तक्रारही जुनीच आहे. ही तक्रार खरी आहे, पण ती चुकीच्या दारी नेली जाते. दोष अक्षराचा नाही. एका मापासाठी काढलेले अक्षर वाटेल त्या मापात ताणण्याच्या सवयीचा आहे.

ही बारीक रेघ कुणाच्या लहरीतून आलेली नाही. रुंद टोकाच्या लेखणीने लिहिले की जाडी हाताच्या कोनातून येते. टोकदार, लवचिक लेखणीने लिहिले की ती दाबातून येते आणि जाड-बारीक यांतले अंतर वाढते. अठराव्या शतकात ही दुसरी लेखणी युरोपात रुळली. पण तशी रेघ छापायची तर कागद गुळगुळीत हवा. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५७ च्या रोमन कवी व्हर्जिलच्या आपल्या आवृत्तीसाठी नव्या पद्धतीचा सपाट कागद आणि अधिक काळी शाई वापरून वाट मोकळी केली. १७८४ च्या सुमारास फिर्मँ दिदोने या शैलीचे खिळे कोरले. १७६८ पासून पार्म्याच्या ड्यूकचा छापखाना सांभाळणाऱ्या बोदोनीने तीच शैली रुंद समास, ओळींमधली ऐसपैस जागा आणि मोजके शब्द यांच्या संगतीत पूर्णत्वाला नेली. म्हणजे या अक्षराचे सौंदर्य पहिल्यापासूनच कागद, शाई आणि मोकळी जागा यांच्यावर अवलंबून होते.

आणि त्याहूनही अधिक मापावर. धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचा पंच, म्हणजे अक्षराचा मूळ ठसा, वेगळा कोरावा लागे. बोदोनीच्या मृत्यूनंतर, १८१८ मध्ये, त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केलेल्या ‘मान्युआले तिपोग्राफिको’ या दोन खंडांच्या नमुनाग्रंथात मापांच्या बारीक पायऱ्या ओळीने मांडलेल्या दिसतात. कुशल कोरणारा लहान मापात बारीक रेघ थोडी जाड ठेवी, अक्षर थोडे रुंद करी आणि दोन अक्षरांमधली जागा वाढवी. पुढे फोटोटाइपसेटिंग आणि संगणक आले तेव्हा एकाच आराखड्यातून सगळी मापे काढण्याची सोय झाली, आणि हे शहाणपण सुटले. साधा हिशेब करून पाहा. बारीक रेघ अक्षराच्या मापाच्या दोन टक्के धरली, तर ७२ पॉइंटच्या मथळ्यात ती अर्ध्या मिलिमीटरची होते. तेच अक्षर ९ पॉइंटला आणले की तिची जाडी ०.०६ मिलिमीटरवर येते. मग जोडणाऱ्या रेघा विरतात, उरतात नुसते उभे दांडे, आणि वाचणाऱ्याला शब्दाऐवजी कुंपण दिसू लागते.

यावर कुणी म्हणेल की एकोणिसाव्या शतकात याच घराण्याच्या अक्षरांत पुस्तकेच्या पुस्तके छापली आणि वाचली गेली. खरे आहे, पण ती त्या मापासाठी कोरलेल्या खिळ्यांनी. हे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. इंग्रज कलावंत-मुद्रक विल्यम मॉरिसला ही शैली मुळीच मानवली नाही आणि तो पंधराव्या शतकातल्या धष्टपुष्ट अक्षरांकडे वळला. त्याची आवड मान्य केली, तरी एका शैलीतला जोम दुसऱ्या शैलीतल्या नजाकतीला खोटे ठरवत नाही. आजचे पडदे इतके रेखीव आहेत की रेघ हरवणारच नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र पडदा रेघ उमटवू शकला, तरी हातभर अंतरावरून लहान अक्षर वाचणारा डोळा तोच राहतो. जाणत्या रेखाटनकारांनी म्हणूनच जुना मार्ग पुन्हा धरला. ‘हार्पर्स बझार’साठी १९९१ मध्ये जोनाथन हेफ्लरने दिदो शैलीचा जो फाँट केला, त्यात सात मापांसाठी सात वेगळे आराखडे आहेत. १९९४ च्या ‘आयटीसी बोदोनी’साठी पार्म्यातले मूळ साहित्य अभ्यासून ६, १२ आणि ७२ पॉइंटची तीन स्वतंत्र रूपे काढली गेली.

लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर किंवा पुस्तकाच्या वेष्टनावर इंग्रजी मजकुरासाठी अशी अक्षरे निवडणाऱ्याने एवढे जरूर पाहावे: मथळा मोठा आणि मोकळा असेल तर बोदोनी खुशाल घ्यावा, बारीक पत्ता त्याच मथळ्याच्या आराखड्यात बसवू नये, गडद फोटोवर पांढरी अक्षरे टाकण्यापूर्वी, शाई पसरून रेघ बुजते का, हे छापून तपासावे. बोरूच्या कापातून जाड-बारीक वळणे घेतलेल्या देवनागरीलाही हाच नियम लागू आहे: मथळ्यात खुलणारी बारीक गाठ मजकुरात बुजते. असे जपणे म्हणजे श्रीमंती चोचले, असे वाटू शकते, कारण बोदोनीचे आश्रयदाते राजघराण्यांतले होते. पण मापाप्रमाणे अक्षर निवडायला राजाश्रय लागत नाही. ज्याला वाचायचे आहे त्याच्या डोळ्यांचा विचार आधी केला, की त्याच निवडीतून देखणेपणही येते.