सरकारी फोटो, दिवाणखान्यातली भिंत

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 1935 ते 1944 या काळातल्या अमेरिकेचे सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह जपून ठेवलेले आहेत. त्यातले बहुतेक फोटो आपण घरबसल्या, एक पैसा न मोजता, उतरवून घेऊ शकतो. छापा, फ्रेम करा, दिवाणखान्यात लावा. कुणाची परवानगी नको. सरकारी पगारावरच्या फोटोग्राफरांनी सरकारी कामासाठी काढलेले म्हणून त्यांच्यावर कॉपीराइट नाही. जगभरच्या पोस्टरच्या दुकानांत वाटाणे नि कापूस वेचणारे ते मजूर एकसारखे दिसतात, त्याचं हेही एक कारण.

काम होतं कर्जबाजारी शेतकऱ्यांना मदत देण्याचं. मंदी, ओक्लाहोमा-टेक्सासकडची धुळीची वादळं आणि शेतात उतरलेला ट्रॅक्टर यांनी हजारो कुटुंबं जमिनीवरून उठवली. मोडक्या मोटारीवर गाद्या-भांडी बांधून ती हंगामी तोडणीसाठी कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. (ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या मराठी माणसाला हे फारसं समजावून सांगायला नको.) या मदतीवर सरकारी पैसा का खर्च करायचा, हे शहरातल्या करदात्याला पटवायला फोटो हवे होते. ते जमवायची जबाबदारी रॉय स्ट्रायकर या अधिकाऱ्यावर आली. त्यानं डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टाइन, रसेल ली अशी माणसं गावोगाव धाडली. भिंतीवर टांगायची कला कुणी मागितली नव्हती.

मग हे फोटो भिंतीवर इतके शोभतात कसे? एक उत्तर अगदी भौतिक आहे. लँगच्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्यातली निगेटिव्ह 4 इंच बाय 5 इंचांची असायची. नेहमीच्या 35 मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीपेक्षा तिचं क्षेत्रफळ जवळजवळ पंधरा पट. तेवढ्या जागेत मावलेला तपशील दाराएवढा मोठा केला तरी फुटत नाही. मार्च 1936 मध्ये निपोमो इथल्या वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावर काढलेला, पुढे ‘मायग्रंट मदर’ म्हणून गाजलेला फोटो स्क्रीनवर मोठा करून बघा. बाहीची उसवलेली किनार दिसते. गालाशी टेकलेल्या बोटांची कातडी दिसते. दोन्ही खांद्यांवर मुलांनी तोंडं लपवलेली, मांडीवर तान्हं. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा, धूसर, भुतासारखा. लँगला तो खुपायचा, म्हणून तिनं पुढे निगेटिव्हवरच तो पुसट करून घेतला. सरकारी दस्तऐवजात ढवळाढवळ म्हणून स्ट्रायकर चिडला. तरी तो पुरता गेला नाहीच, बारकाईनं पाहणाऱ्याला आजही सापडतो. मला विचाराल तर राहिला हे बरं झालं.

पण फोटोतल्या बाईचं नाव लँगनं विचारलं नाही. वय तेवढं लिहून घेतलं: बत्तीस. काही दिवसांतच सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकात तिथले फोटो आले आणि उपाशी तळावर सरकारी अन्न पोचलं. तोवर ती बाई मुलाबाळांसह निघून गेलेली होती. मोटार नादुरुस्त झाली म्हणून ती तिथे थांबली होती, एवढंच. तिचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे जगाला कळलं 1978 मध्ये. ती ओक्लाहोमातल्या चेरोकी कुळातली होती. हालात पडलेल्या गोऱ्या अमेरिकेची प्रतिमा म्हणून वर्षानुवर्षं जी मिरवली गेली, ती मुळात आदिवासी बाई. या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही तिची तक्रार होती. लँगलाही रॉयल्टी मिळाली नाही, पण तिचं नाव तरी झालं.

या संग्रहातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट मात्र न छापलेल्या फोटोंत आहे. नापसंत निगेटिव्हना स्ट्रायकरच्या कचेरीत कागद टोचायच्या पंचनं सरळ भोक पाडत. कधी कोपऱ्यात, कधी नेमकं शेतकऱ्याच्या तोंडावर. फोटोग्राफरांनी आरडाओरडा केल्यावर पुढे हे थांबलं. आता गंमत पाहा: निगेटिव्हमध्ये भोक पडलं की त्यातून प्रकाश अडथळ्याविना जातो आणि खालचा कागद तिथे पूर्ण काळा पडतो. म्हणजे निगेटिव्हमधलं पारदर्शक छिद्र फोटोत काळीकुट्ट गोल तबकडी होऊन उगवतं. शेतावर काळा सूर्य! हे रद्दी फोटोही ग्रंथालयानं फेकले नाहीत, स्कॅन करून ठेवले. 2018 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत त्यांचंच प्रदर्शन भरलं. कारकुनानं नाकारलेली चित्रं कलादालनात गेली, आणि खरं सांगायचं तर त्यातली काही निवडलेल्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करतात.

निवडलेल्यांचाही प्रवास लांबचा आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टसाठी एडवर्ड स्टायकेन यांनी 1962 मध्ये या संग्रहातून ‘द बिटर इयर्स’ हे प्रदर्शन रचलं. स्टायकेन जन्मानं लक्झेंबर्गचे. ते फोटो अखेर त्याच देशात पोचले आणि 2012 मध्ये ड्युडेलांज गावातल्या पोलाद कारखान्याच्या जुन्या जलकुंभात मांडले गेले. ओक्लाहोमाचे दुष्काळग्रस्त युरोपातल्या पाण्याच्या टाकीत!

घरात असा फोटो लावावा की नाही, यावर मी बरंच उलटसुलट ऐकलं आहे. दुसऱ्याची उपासमार सोफ्याच्या रंगाशी जुळवून टांगणं ओंगळ आहे, हे मला पटतं. पण तो गठ्ठ्यात पडून राहण्यापेक्षा रोज कुणाच्या नजरेसमोर यावा, हेही पटतं. तेव्हा लावायचाच असेल तर दुकानातलं तयार पोस्टर घेऊ नका. त्यावर बहुतेकदा फोटोग्राफरचं नाव असतं आणि माणसांबद्दल अक्षर नसतं. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून मोठी टिफ फाइल उतरवा, एखाद्या चांगल्या फोटो लॅबमधून मॅट कागदावर छापून घ्या आणि फोटोग्राफरनं नोंदवलेली ओळ, गाव, साल, काम, जे असेल ते, मराठीत करून फ्रेमच्या आत खाली छापा. निपोमोचा फोटो असेल तर त्या ओळीत फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव आपल्या हातानं घाला.