पाळीव ससा : सवयी कशा लावायच्या, खोड्या कशा सोडवायच्या?



परिसर अभ्यासात पाळीव प्राण्यांचा विषय निघाला की वर्गात दोन-तीन हात हमखास वर होतात. "बाई, आमच्याकडे ससा आहे!" आणि लगेच पुढचं वाक्य येतं ते तक्रारीचं. तो चावतो, चार्जरची वायर कुरतडतो, घरभर लेंड्या टाकतो, पहाटे पिंजरा वाजवून सगळ्यांना उठवतो. मग घरात कोणीतरी म्हणतं, "देऊन टाकू कुणाला तरी." पाळीव ससा नीट सांभाळला तर ८ ते १२ वर्षे जगतो. म्हणजे तिसरीतल्या मुलीने आणलेला ससा ती कॉलेजात जाईपर्यंत तिच्यासोबत राहू शकतो. पण कितीतरी ससे वर्षभरातच या घरातून त्या घरात फिरतात, नाहीतर दिवसरात्र पिंजऱ्यात बंद होतात. म्हणून आज आपण पाहू या, सशाला सवयी कशा लावायच्या आणि नको त्या सवयी न मारता कशा सोडवायच्या.

हा ससा रानातला नव्हे

मराठीत आपण रानातल्या आणि पिंजऱ्यातल्या दोघांनाही ससाच म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. आपल्या माळरानावर दिसणारा ससा वेगळा प्राणी आहे. तो बीळ करत नाही, झुडपाच्या आडोशाला राहतो आणि त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. त्याला पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना जरूर सांगा. दुकानातून घरी येतो तो पाळीव ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीत बिळे खोदून गटाने राहणारा. त्याच्या पिल्लांच्या अंगावर जन्मताना केस नसतात आणि डोळे मिटलेले असतात.

एवढ्या माहितीतच अर्ध्या तक्रारींचे उत्तर आहे बघा. खोदणे म्हणजे त्याच्यासाठी घर बांधणे. त्याचे २८ दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. ते झिजवायला त्याला सतत काहीतरी चावायला लागतं. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असतो, आपण झोपेत असताना. आणि मुख्य म्हणजे तो शिकार होणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, फक्त अगदी नाकासमोरचे दिसत नाही. वरून झेपावणारा हात त्याला घारीसारखा वाटतो आणि थेट नाकापुढे आलेले बोट त्याला दिसतच नाही.

मारल्याने तो काय शिकतो?

वर्तमानपत्राची गुंडाळी, नाकावर टिचकी, तोंडावर पाण्याचा फवारा, असे उपाय लोक सुचवतात. कुत्र्याला मारणेही चूकच, पण कुत्रा निदान माणसाचे तोंड बघून काहीतरी समजून घेतो. सशाला "मी वायर चावली म्हणून मार बसला" हे कळत नाही. त्याला एवढेच कळते की हा माणूस धोकादायक आहे. मग तो तुम्ही दिसलात की लपतो, आणि लपायला जागा नसेल तर चावतो. म्हणजे एक खोड सोडवायला गेलो आणि दुसरी लावून ठेवली. शिवाय सशाची हाडे फार नाजूक. घाबरून त्याने मागच्या पायांचा जोराचा झटका दिला तर त्याचाच कणा मोडू शकतो. प्राण्याला मारहाण करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे, पण ते बाजूला ठेवले तरी, मारून काम होत नाही हेच कारण मला पुरेसे वाटते.

मग काय करायचं? आपण डी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पेपरला थॉर्नडाइक, पावलॉव्ह, स्किनर पाठ केले होते, आठवतंय? ज्या कृतीचे फळ सुखद, ती कृती प्राणी पुन्हा करतो. परीक्षेत पाच गुणांना यायचं ते. सशाच्या बाबतीत ते शब्दशः लागू पडते.

पण त्यालाही एक मर्यादा आहे आणि ती आपल्या पुस्तकात फारशी नसते. स्किनर यांचे विद्यार्थी केलर ब्रेलँड आणि मरियन ब्रेलँड यांनी अमेरिकेत अनेक जातींच्या प्राण्यांना बक्षिसाच्या पद्धतीने शिकवले. डुकराला त्यांनी लाकडी नाणे उचलून गल्ल्यात टाकायला शिकवले. सुरुवातीला डुक्कर झकास काम करायचे. पुढे पुढे मात्र ते नाणे वाटेतच टाकून नाकाने उकरत बसू लागले, खायला उशीर झाला तरी! १९६१ मध्ये या दोघांनी हे अनुभव लिहून प्रसिद्ध केले. उपजत वागणे शिकवलेल्या वागण्यावर मात करते, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणून सशाचे उकरणे, कुरतडणे बंद करायच्या मागे लागू नका, ते बंद होणारच नाही. ते कुठे करायचे, एवढेच आपण शिकवू शकतो.

शी-शूची जागा

हे सर्वांत सोपे, कारण ससा मुळातच लघवीसाठी एखादा कोपरा ठरवून घेतो. पहिले काही दिवस त्याला घरभर सोडू नका. लहान जागेत ठेवा आणि तो कोणता कोपरा निवडतो ते बघा. त्याच कोपऱ्यात एक पसरट ट्रे किंवा प्लास्टिकचे घमेले ठेवा. कोपरा त्याने निवडायचा, आपण नाही! ट्रेमध्ये खाली रद्दी पेपर, वर वाळलेले गवत. त्याच्या लघवीने भिजलेला कागदाचा तुकडा आणि थोड्या लेंड्या मुद्दाम त्यात टाका, म्हणजे वासाने त्याला जागा ओळखू येईल.

आता खरी युक्ती. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. म्हणून खायचे गवत ट्रेच्या एका टोकाला किंवा ट्रेच्या वर टांगून ठेवा. तो गवत खायला ट्रेमध्ये जाऊन बसतो आणि काम आपोआप होते. तो ट्रेमध्ये बसला की कोथिंबिरीची एक काडी द्या, लगेच. पाच मिनिटांनी दिलेल्या बक्षिसाचा त्याला अर्थ लागत नाही. चुकून बाहेर शू झाली तर ओरडू नका. पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसून घ्या, नाहीतर वासाने तो पुन्हा तिथेच जाईल. मांजरासाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती मात्र वापरू नका. ससा ती खातो आणि आतडे तुंबते.

तरीही चार-दोन कोरड्या लेंड्या इकडेतिकडे पडतीलच. ती त्याची हद्दीची खूण असते. केरसुणी फिरवा आणि सोडून द्या. पण चार-पाच महिन्यांचा झाल्यावर शिकलेला ससा अचानक सगळीकडे शू उडवू लागला तर तो वयात आलाय. सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून नसबंदी करून घेणे हाच त्यावर खरा उपाय. मादीला तर पुढे गर्भाशयाच्या कर्करोगापासूनही संरक्षण मिळते.

आणखी एक. ससा स्वतःच्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या थेट तोंडाने उचलून खातो. ते पाहून मुले "ईऽऽ" करतात. ती घाण सवय नाही, बरं का. त्या वेगळ्या प्रकारच्या लेंड्या असतात आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. गाय-म्हैस रवंथ करते तसेच काहीसे समजा. इथे काहीही सुधारायचे नाही.

चावणे

आधी चावण्याचे प्रकार ओळखा. नाकाने ढोसणे म्हणजे "बाजूला हो" किंवा "माझ्याकडे बघ". हलकेच दात लावणे हे त्याचेच पुढचे पाऊल. कडकडून चावतो तेव्हा बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो किंवा त्याच्या हद्दीत कोणीतरी शिरलेले असते. पिंजऱ्यात हात घातल्यावरच चावतो, बाहेर अगदी गरीब, असा ससा वाईट नसतो. पिंजरा हे त्याचे बीळ आहे आणि आपण न विचारता आत शिरलोय.

अशा सशाचा पिंजरा तो बाहेर असतानाच साफ करा. दिवसातून दोन-तीन वेळा नुसता हात दाराशी न्या, तळव्यावर मेथीचे किंवा कोथिंबिरीचे पान ठेवा, खाऊ द्या आणि हात हळूच मागे घ्या. काही घ्यायला जाऊ नका. आठवडा-पंधरा दिवसांत हात म्हणजे खाऊ, असे समीकरण जुळते. हात नेहमी बाजूने न्यावा, नाकासमोरून नाही. हाताला काकडीचा-गाजराचा वास असेल तर आधी धुवावा, नाहीतर बोट आणि गाजर यातला फरक त्याला कसा कळणार?

चावलाच तर बारीक आवाजात "ईईऽ" करा, पिल्लू कळवळते तसे, आणि हात हिसडू नका. हे कठीण आहे हे मला मान्य. पण प्रत्येक वेळी चावल्यावर हात पळाला की तो शिकतो : चावलं की हात जातो. लांब बाह्यांचा शर्ट घाला, म्हणजे धीर राहतो. लहान मुलांना या सरावात पुढे करू नका.

पहाटेचा खडखडाट

हे उदाहरण मला वर्गासाठीही फार उपयोगी वाटतं. ससा पहाटे पाचला पिंजऱ्याची जाळी दातांनी वाजवतो. घरातले कोणीतरी वैतागून उठते, पाला टाकते, शांतता होते. इथे कोणी कोणाला शिकवले? सशाने माणसाला!

उपाय म्हणजे वाजवत असताना काहीही न देणे. मात्र पहिले काही दिवस खडखडाट वाढतो, कमी होत नाही. आजवर चालणारी युक्ती चालेना, म्हणून तो ती जास्त जोराने करून बघतो. दुकानात हट्ट करणारे मूल आठवा. नेमके याच वेळी, चौथ्या दिवशी, आजोबा उठून पाला देतात आणि ससा शिकतो की अर्धा तास वाजवले की मिळते. म्हणून हा निर्णय घरातल्या सगळ्यांनी मिळून घ्यायचा. जाळी शांत झाली, दहा सेकंद गेली, की मगच दार उघडायचे.

पण त्याआधी प्रामाणिकपणे एक बघा. पिंजरा एवढासा आहे का? रोज तीन-चार तास तरी तो मोकळा फिरतो का? रात्री झोपताना भरपूर गवत ठेवता का? यातले काही कमी असेल तर ती खोड नाही, मागणी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

कुरतडणे आणि उकरणे

वायरी पीव्हीसी पाइपातून न्या किंवा उचलून घ्या. हे शिकवून होणारे काम नाही आणि विजेच्या बाबतीत प्रयोग नको. चावायला पेरूच्या किंवा तुतीच्या फवारणी न केलेल्या फांद्या, मक्याच्या कणसाची पाने, चिकटपट्टी काढलेला पुठ्ठ्याचा खोका द्या. उकरायला एका मोठ्या टबात माती किंवा फाडलेले कागद भरून त्यात एक-दोन मनुका लपवा. तो सोफा उकरायला लागला की न बोलता त्याला या टबाकडे वळवा. मादी उकरते आहे, तोंडात गवत गोळा करते आहे, छातीचे केस उपटते आहे, असे दिसले तर ती पिल्लांसाठी घरटे करते आहे. तिला तिचे काम करू द्या. (सशाची गर्भावस्था साधारण एक महिन्याची असते.)

हाक मारली की येणे

ससा नावाने येतो, खरंच येतो. जेवणाआधी, भूक असताना, पाचच मिनिटे सराव घ्या. जवळ बसा, नाव घ्या, लगेच खाऊ द्या. मग एक हात अंतरावरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. खाऊ म्हणजे नखाएवढा केळ्याचा किंवा गाजराचा तुकडा. चित्रांत ससा नेहमी गाजर खाताना दाखवतात, पण गाजरात साखर असते. त्याचे मुख्य अन्न गवतच. हाक मारून त्याला औषध पाजणे किंवा पिंजऱ्यात कोंडणे असे कधी करू नका, एका दिवसात केलेले पुसले जाते. पिंजऱ्यात परत न्यायचे असेल तर आत त्याचा आवडता पाला ठेवा. झाडू घेऊन मागे धावू नका.

उचलून घेणे बहुतेक सशांना आवडत नाही. जमिनीवर बसा, त्याला मांडीवर येऊ द्या. उचलावेच लागले तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. कान धरून कधीच नाही. उताणा केल्यावर ससा निपचित पडतो, त्याला लोक "झोपला" म्हणून व्हिडिओ काढतात. तो भीतीने गोठलेला असतो.

वागणे अचानक बदलले तर

महिनोन्‌महिने नीट ट्रेमध्ये जाणारा ससा बाहेर शू करू लागला, माणसाळलेला ससा एकाएकी चावू लागला, तर शिकवणी थांबवा आणि दुखणे शोधा. दात वाढलेत का, लघवी करताना जोर देतो का, एका कुशीवर हात लावला की दचकतो का? कुरवाळताना दात हलकेच कटकट वाजवणे हे समाधानाचे लक्षण. कोपऱ्यात अंग चोरून बसून मोठ्याने दात खाणे हे वेदनेचे. पाय आपटत असेल तर त्याला कुठेतरी धोका जाणवतोय, खिडकीत मांजर आहे का बघा. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी एक बंद खोका आणि शांत खोली हवीच. उन्हाळ्यात पारा ३० च्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, तेव्हा सराव नको, बर्फाच्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा.

आणि दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही किंवा एकही लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. सशाचे पोट थांबणे ही तातडीची गोष्ट आहे. जवळच्या कोणत्या दवाखान्यात ससे तपासतात, हे आजच विचारून तो नंबर फ्रिजवर लावून ठेवा.