काचेचा धागा

काचेच्या दुकानात उभ्या करून ठेवलेल्या काचा तुम्ही पाहिल्या असतील. घरी तुम्ही ज्याला शीशा म्हणता, तीच ही काच. समोरून ती स्वच्छ, बिनरंगी दिसते. पण तिच्या कडेकडून पाहा. ती हिरवट दिसते. वाळूतील थोडेसे लोखंड काचेत उतरते, त्याचा हा रंग. हे लोखंड उजेड गिळून टाकते. काच चार-पाच मिलिमीटर जाड असेल तर काही बिघडत नाही. पण ती एक किलोमीटर जाड असेल तर? पलीकडे अंधारच दिसेल.

चार्ल्स काओ यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांचा जन्म १९३३ साली चीनमधील शांघाय येथे झाला. पुढे ते इंग्लंडमध्ये हार्लो येथील एका प्रयोगशाळेत काम करू लागले. काचेच्या बारीक धाग्यातून प्रकाश वळणे घेत जातो, हे तोपर्यंत माहीत झाले होते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ साली अशा धाग्यांच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवून दाखवले होते. पोटाच्या आत पाहण्यासाठी डॉक्टरांना त्याचा उपयोग झाला. पण त्या काळच्या धाग्यात वीस मीटरवर प्रकाशाचा शंभरातला एकच भाग शिल्लक राहत असे. एवढ्यात टेलिफोनचे बोलणे दुसऱ्या गावी कसे जाणार?

काचेचा हा स्वभावच आहे, असे बहुतेकांना वाटे. काओ यांना तसे वाटले नाही. १९६६ साली त्यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्याबरोबर एक लेख लिहिला. दोष काचेचा नाही, तिच्यातील मळाचा आहे, असे त्यांनी त्यात मांडले. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे होते. लेख लिहून ते स्वस्थ बसले नाहीत. देशोदेशी जाऊन त्यांनी काच बनवणाऱ्यांना हे पटवून सांगितले. शुद्ध सिलिकाचे तुकडे घेऊन त्यांनी मोजमापही केले. अखेर १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी हवा तसा धागा तयार केला. मला वाटते, या सगळ्या कामात सर्वांत अवघड होते ते लोकांच्या मनातली शंका काढणे.

आता हे काम आपल्याच जिल्ह्यात होते. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे कारखाने आहेत. असा धागा बनवताना वाळू थेट भट्टीत टाकत नाहीत. सिलिकॉन टेट्राक्लोराइड नावाचे एक द्रव असते. ते अठ्ठावन्न अंशांच्या आसपासच उकळते. लोखंडाचे क्षार इतक्या कमी उष्णतेने उडत नाहीत. ते खालीच राहतात. म्हणजे वाफ आपोआप शुद्ध होते! ही वाफ ज्योतीत सोडली की पांढऱ्या काजळीसारखी सिलिका जमते. (काजळी पांढरीही असते, हे ऐकून नवल वाटेल.) तिच्यातील पाण्याचा अंश क्लोरीन वायूने काढतात आणि ती तापवून काचेची जाड कांडी करतात. मग उंच मनोऱ्यावर कांडीचे टोक सुमारे दोन हजार अंशांपर्यंत तापवून खाली धागा ओढतात. त्याची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे केसापेक्षा किंचित जास्त. लगेच त्याच्यावर प्लॅस्टिकचा लेप देतात, कारण उघड्या काचेवर बारीकसा ओरखडा आला तरी ती तुटते.

अशा धाग्यातून पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश उरतो.

काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. त्यांचे व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी वाचले. २०१८ साली हाँगकाँगमध्ये त्यांचे निधन झाले.

पिशोरसारख्या गावात रस्ता खणताना कधी केबल तुटते आणि बँकेचे काम थांबते, परीक्षेचा फॉर्म अडकतो. मग कारागीर पेटी घेऊन येतो. तो धाग्याची दोन्ही टोके पुसतो, सरळ कापतो आणि समोरासमोर आणतो. प्रकाश जातो तो मधला गाभा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही बारीक असतो, म्हणून यंत्र आधी ती टोके नीट जुळवते. मग विजेची एक ठिणगी पडते आणि काच काचेत वितळून मिसळते.