काम हीच प्रार्थना? एका बोधवाक्याची उलटतपासणी

‘काम हीच पूजा’ हे वाक्य आपल्याकडे कचेरीच्या भिंतीपासून ट्रकच्या पाठीपर्यंत कुठेही भेटते. युरोपात त्याचे एक भावंड आहे, ‘काम हीच प्रार्थना’, आणि ते जुन्या मठवासी संन्याशांच्या नावावर खपते. ते तसे लोकप्रिय करण्यात मोठा वाटा टॉमस कार्लाइलचा. हा स्कॉटिश लेखक कॅथलिक नव्हता, मठवासी तर नव्हताच. १८४३ साली ‘पास्ट अँड प्रेझेंट’ या पुस्तकात त्याने हे वाक्य लॅटिनमध्ये जुन्या साधूंच्या तोंडी घातले आणि कारखान्यांच्या त्या शतकाने ते आनंदाने उचलले. ज्यांच्या नावावर ते खपते, त्या पाश्चात्त्य मठजीवनाचा पाया मात्र सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीचा. ती नियमावली श्रमाचा आदर करते, आळसाला आत्म्याचा शत्रू मानते, शेतात राबणाऱ्या साधूला कमी लेखत नाही. पण प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातले काम असेल तिथे टाकून निघावे, असेही ती बजावते. देवाच्या उपासनेच्या वर काहीही ठेवायचे नाही, काम तर नाहीच. ‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे बेनेडिक्टचे मानले जाणारे ब्रीदसुद्धा त्या नियमावलीत सापडत नाही. ते एकोणिसाव्या शतकात रूढ झाले.

हा तपशील केवळ पंडिती हौसेचा नाही. रोजच्या जगण्यातले पावित्र्य हा विषय कॅथलिक चिंतनात गेली चारशे वर्षे सतत येत राहिला आहे, आणि त्याचा सारांश म्हणून बहुतेक वेळा हेच वाक्य पुढे केले जाते: काम मन लावून करा, तीच प्रार्थना. माझे म्हणणे असे, की या परंपरेतले महत्त्वाचे लेखक असे म्हणतच नाहीत. ते कामाला प्रार्थना ठरवत नाहीत, काम थांबवायला शिकवतात. थांबणे कधी तासाभराचे असेल, कधी एका श्वासाचे. पण ते थांबणे असते. फ्रेंच चित्रकार मिलेचे ‘अँजेलस’ हे १८५७ ते ५९ या काळातले चित्र अनेकांनी पाहिले असेल. बटाट्याच्या शेतात एक पुरुष आणि एक बाई माना खाली घालून उभी आहेत, दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा. श्रमाच्या पावित्र्याचे चित्र म्हणून ते जगभर छापले गेले. पण त्यात श्रम चाललेला नाही. दातेरी फावडे जमिनीत रोवलेले आहे, टोपली पायाशी आहे, टोपी हातात आहे. आपली आजी शेतात घंटा ऐकली की सगळ्यांना काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना म्हणायला लावी, तिच्या आठवणीतून हे चित्र सुचले, असे मिलेनेच सांगून ठेवले आहे. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी दिवसाचे तुकडे पाडणारी ही अँजेलस प्रार्थनेची घंटा पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावरही आली. वसईच्या गावांत आणि गोव्यात संध्याकाळच्या घंटेमागोमाग घरात जपमाळ म्हणण्याचा रिवाज त्याच कुळातला.

या विचाराला पुस्तकाचे रूप दिले ते फ्रान्सिस दे साल या बिशपने. पद जिनिव्हाच्या बिशपचे, पण जिनिव्हा कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती गेलेले, म्हणून मुक्काम आनसीला. नात्यातल्या लुईझ द शार्मुआझी या विवाहित बाईंना साधनेबद्दल लिहून दिलेल्या टिपणांतून त्याचे ‘भक्तिजीवनाची ओळख’ हे पुस्तक १६०९ मध्ये तयार झाले. सैनिकांची छावणी, कारागिराचे दुकान, राजाचा दरबार आणि नवराबायकोचा संसार यांतून भक्तीला हद्दपार करू पाहणे हे पाखंड आहे, असे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्याच्या अर्ध्या आयुष्याचा व्यवहार पाखंडाशी होता, त्याने हा शब्द सैलपणे वापरलेला नाही. प्रत्येकाची भक्ती त्याच्या स्थितीला साजेशी हवी. बिशपने मौनी साधूसारखा एकांत धरला किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला, तर ते हास्यास्पद होईल, असेही तो म्हणतो. इथवर वाचून थांबणाऱ्याला वाटते, प्रपंच हीच साधना ठरली. पण दुसऱ्या भागात तोच लेखक या संसारी बाईला रोज जेवणाआधी, जमल्यास पहाटे, तासभर मनन करायला सांगतो. सकाळची प्रार्थना, रात्रीचे आत्मपरीक्षण, दिवसात मधूनमधून मनाने एकांतात शिरणे, हे सगळे त्याशिवाय. सकाळ हुकली तर दुपारनंतर भरून काढावी, पण भरल्या पोटी लगेच नव्हे. दिवसच हुकला तर छोटे छोटे धावे वाढवावेत आणि चुकीबद्दल काही प्रायश्चित्त घ्यावे. पोटाचाही विचार करणारा हा माणूस सवलत भरपूर देतो. मात्र हुकलेल्या तासाला तो हुकलेलाच म्हणतो. त्या वेळात केलेल्या कामाने तो भरला गेला, असे म्हणत नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत जड पुरावा पॅरिसच्या एका स्वयंपाकघरात आहे. निकोला एर्मां हा लॉरेन प्रांतातला गरीब घरचा मुलगा. तीस वर्षांच्या युद्धात तो सैनिक म्हणून जखमी झाला, पुढे एका घरी नोकर राहिला. आपण तिथे धांदरटपणे वस्तू फोडत असू, असे तोच सांगे. १६४० मध्ये तो पॅरिसमधल्या अनवाणी कार्मेलाइट मठात सेवक-बंधू म्हणून दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स झाला. त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले. त्या कामाची त्याला उपजत नावड होती. एकदा मठासाठी वाइन आणायला त्याला बर्गंडीला धाडले. पाय अधू, त्यामुळे बोटीवर पिंपांवरून लोळत पुढे सरकावे लागले. तरी काम नीट झाले, असे तो समाधानाने सांगतो. त्याने पुस्तक लिहिले नाही. जोझेफ द बोफोर या धर्मगुरूने १६६६ पासूनची त्याची संभाषणे टिपून ठेवली होती. १६९१ मध्ये तो वारल्यावर ती, त्याची पत्रे आणि काही वचने याच बोफोरने छापली. त्या संभाषणांत लॉरेन्स साफ सांगतो, की प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि बाकीची वेळ यांत मला फरक उरलेला नाही. भांड्यांच्या खडखडाटातही देव तितकाच जवळ असतो. ‘काम हीच प्रार्थना’ म्हणणाऱ्यांना आणखी काय हवे?

पण हे म्हणणारा लॉरेन्स साधनेला नवखा नाही. त्याआधीची दहाएक वर्षे त्याने स्वतःच्या तारणाबद्दलच्या भयात काढली होती. त्यातली काही वर्षे आपण नरकातच जाणार, अशी त्याची खात्री झाली होती. देवाशी बोलत राहण्याची सवय लागायला आधी नेटाने प्रयत्न करावा लागतो, असे तो येणाऱ्यांना बजावतो. शिवाय तो राहत होता ते घर दिवसरात्र घंटेवर चालणारे. फरक मिटला तो इतक्या तालमीनंतर. त्याच्या वचनांमध्ये तर मला निर्णायक वाटणारा उपदेश आहे. काम करताना, वाचताना, लिहिताना, इतकेच काय, तोंडाने प्रार्थना म्हणत असतानासुद्धा शक्य तितक्या वेळा क्षणभर थांबावे आणि अंतःकरणात देवाला वंदन करावे, असे तो सांगतो. तव्यावरच्या ऑम्लेटचा त्याचा दाखला फार उद्धृत होतो: मी देवाच्या प्रेमासाठी ते उलटतो. त्याचा पुढचा भाग सहसा गाळला जातो. ऑम्लेट झाले आणि दुसरे काही करायचे नसले, की मी जमिनीवर लोटांगण घालून देवाची आराधना करतो, असे तो पुढे म्हणतो. मराठी वाचकाला इथे सावतोबांचा मळा आणि जनाबाईंचे जाते आठवेल. साम्य आहे, पण एका ठिकाणी वाटा वेगळ्या होतात. जात्यावरची ओवी हाताच्या लयीवर चालते, हात थांबला की तीही थांबते. लॉरेन्सचे मात्र हात थांबले की दुसरे काहीतरी सुरू होते.

या शिकवणीला धोका होता, आणि चर्चला तो दिसत होता. सगळे देवावर सोपवून स्वस्थ व्हावे, अशी एक लाट त्या काळी फ्रान्समध्ये होती. लॉरेन्सला भेटून गेलेल्या आर्चबिशप फेनलाँच्या पुस्तकातली २३ विधाने पोपने १६९९ मध्ये निषिद्ध ठरवली. त्या वादळात लॉरेन्सचे नाव कॅथलिक फ्रान्समध्ये मागे पडले. गंमत अशी, की त्याला वाचक मिळाले ते प्रॉटेस्टंटांमध्ये. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली त्याचा चाहता होता. मठाच्या घंटेतून सुटून पुस्तक असे बाहेर पडले, आणि घंटा वाचकांच्या नजरेआड झाली. आजचा गैरसमज बराचसा या प्रवासात झाला असावा.

लिझ्यूच्या तेरेजाचे उदाहरण याहून लहान जागेतले आहे. १८८८ मध्ये पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली आणि १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिचे आत्मकथन पुढच्याच वर्षी छापले गेले. त्यातले प्रसंग इतके किरकोळ आहेत की अनेकांचा पहिल्या वाचनात विरस होतो: धुण्याच्या वेळी समोरची धर्मभगिनी घाण पाणी अंगावर उडवते, प्रार्थनेत मागे बसलेली दुसरी सतत कसलासा आवाज करत राहते. तेरेजा चिडते, घामाघूम होते आणि शेवटी तो आवाजच देवाला अर्पण करते. ‘लहान वाट’ म्हणतात ती ही. पण तिच्या मठात रोज दोन तास मूक प्रार्थना असे, आणि त्या दोन तासांत तिला बहुधा काहीच गवसत नसे. कधी झोप लागे, शेवटच्या दीड वर्षात तर स्वर्गच नाही असे वाटे. तरी ती जाऊन बसत राहिली. १९२७ मध्ये पोपने तिला धर्मप्रसारकांची आश्रयदाती केले, फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने. त्यातला एक १५४२ मध्ये गोव्यात उतरून रस्त्यावर घंटा वाजवत मुले गोळा करणारा, दुसरी मठाच्या भिंतीबाहेर न गेलेली.

आता आक्षेप. पहिला असा, की हे सगळे व्रतस्थ लोक; ज्या बाईला घर, नोकरी आणि आजारी सासू सांभाळायची आहे, तिने तास कुठून आणावा? याचे उत्तर तेरेजाच्या आईकडे आहे. झेली मार्तां ही आलाँसों गावात लेस विणण्याचा धंदा स्वतः चालवणारी बाई. तिला नऊ मुले झाली, त्यातली चार लहानपणीच गेली आणि ४५ व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने तीही गेली. तिची दोनशेहून अधिक पत्रे उरली आहेत. त्यांत मागण्या आहेत, थकवा आहे, मुलांची दुखणी आहेत, धंदा कधी एकदा सोडते असे झाल्याची कुरकुर आहे. आणि नवराबायकोची पहाटे साडेपाचची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासनासुद्धा आहे. २०१५ मध्ये या जोडप्याला एकत्र संतपद मिळाले. पहाटेचा तो वेळ तिला रिकामपणाने मिळालेला नव्हता, झोपेतून काढलेला होता. प्रत्येकीने असेच करावे असे दे सालही म्हणणार नाही. धावत्या दिवसातले छोटे धावे बाकी प्रार्थनांची उणीव भरून काढू शकतात, असे त्यानेच लिहिले आहे. पण तो धावाही कामाच्या मध्ये पडलेली फट असते. काम आणि धावा एकच, असे यांपैकी कुणीच म्हटलेले नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. भांडी घासण्यात देव आहे, हे भांडी घासणाऱ्याला सांगणे मालकाच्या सोयीचे असते. लुक्का गावातली तेराव्या शतकातली मोलकरीण झिटा ही नोकरचाकरांची आश्रयदाती संत. तिच्या निष्ठेचे गोडवे किती यजमानिणींनी आपल्या मोलकरणींना ऐकवले असतील, याची कल्पना करता येते. चर्चने हे पाप केलेलेच नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही. पण हा आक्षेप लागू पडतो तो नेमका बोधवाक्याला. कामच प्रार्थना असेल तर कामाला अंत नको, सुट्टीची गरज नाही, बारा तासांचे सोळा झाले तर पुण्य वाढले. थांबणे हा प्रार्थनेचा गाभा असेल, तर हिशेब उलटतो: ज्याला थांबू दिले जात नाही, त्याच्यावर अन्याय होतो आहे. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावा याने कामगारप्रश्नावर ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. त्यात रविवारच्या विश्रांतीची आणि उपासनेसाठी वेळ देण्याची मागणी मालकांकडे केली आहे, ती याच आधारावर. न्यूयॉर्कमध्ये १९३३ मध्ये ‘कॅथलिक वर्कर’ हे एका सेंटचे पत्र सुरू करणारी डोरोथी डे आधी डाव्या चळवळीत वाढलेली. तेरेजाचे पुस्तक तिला पहिल्यांदा क्षुल्लक वाटले होते. पुढे १९६० मध्ये तिनेच तेरेजावर पुस्तक लिहिले. रोज मिस्सेला जाणारी ही बाई १९७३ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांबरोबर तुरुंगात गेली. लहान वाट तिला निमूटपणाकडे घेऊन गेली नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये पावित्र्याचे आवाहन सर्वांना आहे असे जाहीर केले, आणि २०१८ मध्ये पोप फ्रान्सिसने एका पत्रात शेजारच्या घरातल्या संतांचा गौरव केला. कागदावर प्रश्न सुटला. संतांची यादी मात्र अजून धर्मगुरू, धर्मभगिनी आणि हुतात्मे यांनीच भरलेली आहे, कारण संतपदाचे प्रकरण चालवायला साक्षीदार, कागदपत्रे, पैसा आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठपुरावा करणारी संस्था लागते. ते व्रतस्थ संघांकडे असते, शेजारच्या घराकडे नसते. २०२२ मध्ये भारताला पहिले प्रापंचिक संत मिळाले ते देवसहायम पिल्लै, तेही हुतात्मेच. स्वयंपाकघरातल्या पावित्र्याचे सर्वांत मोठे नाव म्हणजे ब्रदर लॉरेन्स, आणि त्याला संतपद मिळालेले नाही. फ्रान्सिसचे ते पत्र शेजारच्या संतांवर थांबले असते, तर बोधवाक्याला पोपचा शिक्का मिळाला असता. पण प्रार्थनेशिवाय पावित्र्यावर माझा विश्वास नाही, असेही त्याच पत्रात त्याने लिहून ठेवले आहे.

ज्यांना या विषयात शिरायचे आहे, त्यांनी लॉरेन्सपासून सुरुवात करू नये. तो इतका सोपा वाटतो की त्याची दहा वर्षे वाचकाच्या ध्यानात राहत नाहीत. दे सालचा दुसरा भाग आधी वाचावा. त्यानंतर, मिळाल्यास, झेली मार्तांची पत्रे वाचावीत. छापली जातील या कल्पनेने ती लिहिलेली नाहीत, म्हणून साक्षीदार म्हणून मी तिच्यावर सर्वाधिक भरवसा ठेवतो.