चराऊ गुरांसाठी क्षारांची गव्हाण : जुने टायर आणि पिंप यांचा उपयोग

आपल्या वाचकांत टायरची दुकाने चालविणारे आहेत, रिकामी पिंपे विकणारे आहेत, वेल्डर आणि सुतार आहेत. म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करणारेही पुष्कळ आहेत. या सर्वांना उपयोगी पडेल अशा एका साध्या वस्तूची माहिती आज आम्ही देत आहोत. ती वस्तू म्हणजे रानात चरणाऱ्या गुरांना मीठ व क्षार मिश्रण देण्याची गव्हाण. ती घरच्या घरी तयार होते, कच्चा माल बहुतेक भंगारातला असतो आणि गुरे पाळणाऱ्या प्रत्येक गावात तिची गरज आहे.

गरज कशामुळे?

नुसत्या चाऱ्यावर जगणाऱ्या गुरांना मीठ, फॉस्फरस, तांबे, जस्त हे क्षार पुरेसे मिळत नाहीत. सह्याद्रीच्या पट्ट्यात मुसळधार पावसाने जमिनीतील क्षार धुऊन जातात, तर दुष्काळी भागात वाळलेल्या गवतात फॉस्फरस फार थोडा उरतो. अशी गुरे हाडे, चिंध्या, चामडे, माती चघळू लागतात. लोक याला वाईट खोड म्हणतात, पण बहुतेक वेळा ती शरीराची मागणी असते. मेलेल्या जनावराचे हाड चघळताना त्यातील विषाने धडधाकट गाय दगावू शकते. गाय वेळेवर माजावर येत नाही, वारंवार उलटते. व्यालेल्या म्हशीची लघवी एकाएकी कॉफीसारखी लाल होते, हा रोगही फॉस्फरसच्या कमतरतेशी जोडलेला आहे. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न घालविता डॉक्टरला बोलवावे.

क्षार मिश्रणाची पिशवी बाजारात मिळते. मात्र रानात ते उघड्या घमेल्यात ठेवले तर पहिल्याच पावसात अर्धे वाहून जाते आणि उरलेल्याचा दगड होतो. पिशवीची किंमत मातीत जाते आणि शेतकरी म्हणतो, "क्षार देऊन काही फरक पडला नाही." ही नासाडी थांबविण्यासाठीच गव्हाण हवी.

पत्र्याचा मोह टाळा

आमच्या ओळखीच्या एका वेल्डरने पत्र्याची सुबक गव्हाण करून विकली. मिठाने एका पावसाळ्यात तिचा तळ खाऊन टाकला आणि गिऱ्हाईक पैसे परत मागायला दारात आले. मीठ आणि लोखंड यांचे पटत नाही, हा धडा सर्वांनीच घ्यावा. गव्हाण रबर, प्लॅस्टिक किंवा लाकूड यांचीच असावी. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे किंवा निदान जस्ताचा मुलामा दिलेले असावेत. लाकडी गव्हाणीत खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या वापरल्या तर ती जास्त टिकते.

टायरची गव्हाण

यासाठी ट्रकचे १०.००-२० मापाचे जुने टायर उत्तम. त्याचे मधले भोक २० इंचांचे असते. टायर नायलॉनचे घ्यावे. स्टीलच्या तारांचे रेडियल टायर घेऊ नये, कारण ते कापले की तारांची टोके बाहेर येतात. तुटलेली तार गाईच्या पोटात गेली तर ती जठरातून थेट हृदयापर्यंत टोचत जाऊ शकते.

टायर आडवे ठेवावे. खालच्या भोकाला २६ इंच व्यासाची जाड फळी किंवा कन्व्हेयर पट्ट्याच्या रबराची चकती आठ बोल्टांनी पक्की करावी. बोल्टांची टोके खालच्या बाजूस काढावीत, आत राहू देऊ नयेत. वरच्या बाजूची भिंत काठापासून थोडी आत गोल कापून तोंड मोठे करावे. खालच्या बाजूचा तारेचा काठ मात्र मुळीच कापू नये.

आता झाकण. कन्व्हेयर पट्ट्याचा, टायरच्या काठाबाहेर दोन इंच येईल एवढा गोल तुकडा घ्यावा आणि एका बाजूने तीन-चार बोल्टांनी टायरला जोडावा. जनावर नाकाने झाकण उचलते, चाटते, आणि तोंड काढले की झाकण आपोआप पडते. पहिला आठवडा झाकण अर्धे उघडे बांधून ठेवावे. एक-दोन गुरे शिकली की बाकीची त्यांचे पाहून शिकतात. लहान वासरांना मात्र हे झाकण उचलत नाही.

टायरची गव्हाण जड असते, म्हणून गुरे ती उलथू शकत नाहीत. खिल्लारसारख्या लांब शिंगांच्या जनावरांना हाच प्रकार सोयीचा पडतो.

पिंपाची गव्हाण

२०० लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप उभे ठेवावे. तळापासून एक फूट वर, बाजूला १६ इंच रुंद आणि १४ इंच उंच खिडकी कापावी. कापलेल्या कडेवर पाण्याची जुनी नळी उभी चिरून बसवावी, म्हणजे तोंडाला जखम होत नाही. पिंपाचे वरचे तोंड बंदच ठेवावे. पिंप झाडाला किंवा खांबाला घट्ट बांधावे. आपल्याकडे मोसमी पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून खिडकीचे तोंड ईशान्येकडे असावे. शेळ्यांसाठी खिडकी लहान आणि खाली असावी.

पिंप विकणाऱ्या बंधूंना येथे एक कळकळीची विनंती आहे. पिंपात आधी काय होते याची चौकशी केल्याशिवाय ते गव्हाणीसाठी देऊ नका. कीटकनाशके आणि रसायने प्लॅस्टिकमध्ये मुरतात, धुऊन जात नाहीत. खाद्यतेलाचे किंवा ग्लुकोजचे पिंप चालेल. औषध फवारणीचे किंवा कारखान्यातील अज्ञात मालाचे पिंप कितीही स्वस्त मिळाले तरी नको. तसेच जुन्या बॅटरीची खोकी, डांबर-तेल पाजलेले रेल्वेचे स्लीपर आणि शेंदरी प्रायमर लावलेले सामान वर्ज्य समजावे. शिशाची चव गुरांना आवडते, ती ते चाटत राहतात आणि थोड्या शिशानेही मरतात. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आली असली तरी जुन्या सामानावरचा रंग जुनाच असतो. गव्हाणीला आतून रंगच लावू नये.

आत काय घालावे?

क्षार मिश्रण भारतीय मानक १६६४ प्रमाणे असलेले घ्यावे. या मानकाच्या २००२ च्या आवृत्तीनुसार मीठ नसलेल्या प्रकारात कॅल्शियम किमान २० टक्के आणि फॉस्फरस किमान १२ टक्के असावे लागते. पिशवीवर हे आकडे नसतील तर ती घेऊ नये. हे मिश्रण आणि साधे मीठ समभाग मिसळावे. मिठाच्या ओढीने जनावर येते आणि क्षारही पोटात जातात.

हिशेब सोपा आहे. कालवडी व भाकड गुरांना रोज सुमारे ५० ग्रॅम क्षार मिश्रण लागते. दहा गुरांना दिवसाला अर्धा किलो क्षार आणि अर्धा किलो मीठ, म्हणजे आठवड्याला सात किलो माल झाला. तेवढाच भरावा आणि आठवड्याने पाहावे. लवकर संपत असेल तर मीठ वाढवावे व गव्हाण पाणवठ्यापासून दूर न्यावी. उरत असेल तर ती पाण्याजवळ आणावी किंवा वर मूठभर कोंडा टाकावा. पंधरा-वीस गुरांमागे एक गव्हाण ठेवावी, नाहीतर दांडगी गुरे दुबळ्यांना जवळ येऊ देत नाहीत.

दुभत्या जनावराला दुधाच्या मानाने रोज १०० ते २०० ग्रॅम लागते. ते गोठ्यात आंबोणातून मोजून द्यावे, गव्हाणीच्या भरवशावर राहू नये.

या चुका करू नका

मिठाला भुकेलेली गुरे पहिल्या दिवशी अधाशासारखी खातात. म्हणून आधी काही दिवस थोडे थोडे मीठ हाताने द्यावे, मगच गव्हाण भरावी. जवळ भरपूर पाणी नसेल तर गव्हाण ठेवूच नये, कारण पाण्याविना मीठ विषासारखे ठरते.

युरिया घरी मिसळू नये. युरियाच्या चाटण विटा कारखान्यात मापाने तयार होतात. घरच्या अंदाजाने जनावर तासाभरात दगावू शकते.

हाडांची भुकटी पूर्वी सर्रास वापरली जात असे. आता अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार दुधाच्या व मांसाच्या गुरांच्या खाद्यात ती चालत नाही. त्याऐवजी खनिज खडकापासून केलेले डायकॅल्शियम फॉस्फेट वापरतात.

मेंढ्यांना गुरांचे मिश्रण देऊ नये. त्यांना तांबे सोसत नाही, ते यकृतात साचते आणि मेंढी अचानक मरते. बकरी ईदसाठी बोकड तयार करणाऱ्यांनीही जपावे. धान्य आणि कोंडा फार झाला की फॉस्फरस वाढतो आणि बोकडाला, विशेषतः खच्ची केलेल्याला, मुतखडा होतो. लघवी अडलेला बोकड ऐन बाजाराच्या दिवशी हातचा जातो. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावे आणि स्वच्छ पाणी सदैव समोर असावे.

धंदा म्हणून पाहताना

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. टायर, पट्ट्याचा तुकडा, बोल्ट आणि एका माणसाची मजुरी एवढाच खर्च आहे. आमचा सल्ला असा की, प्रथम एकच गव्हाण करून ओळखीच्या गुराख्याकडे एक पावसाळा ठेवावी. झाकण कोठे फाटते, पाणी कोठून शिरते ते पाहावे, दुरुस्ती करावी आणि मगच आठवडे बाजारात न्यावी. विकताना गिऱ्हाइकाला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. एक, क्षार हे चाऱ्याची जागा घेत नाहीत. दुसरी, आजारी जनावराला गव्हाणीचा नव्हे तर डॉक्टरांचा उपयोग होतो. एवढे सांगून विकलेला माल परत येत नाही, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या बाजारी शेजाऱ्याला घेऊन येते.